इंजिन बदलताना

यंत्राच्या पोटात काय चालते, हे ठाऊक नसलेली माणसे फार सुखी असतात. माझ्या नशिबी ते सुख नाही. मी दौंडला राहतो आणि शिरूरच्या एका दूध संकलन केंद्राचे हिशेब ज्या सर्व्हरवर असतात, तो सांभाळतो. हा सर्व्हर म्हणजे दूरच्या एका मोठ्या यंत्रातले भाड्याचे बिऱ्हाड.

या बिऱ्हाडाचा कर्ता म्हणजे कर्नल. लष्करातला नव्हे हो! यंत्राची मेमरी, डिस्क, बाहेरची ये-जा या साऱ्यांची वाटणी तो करतो. आमच्याकडचा आहे लिनक्सचा. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेला. काही स्वस्त बिऱ्हाडांत कर्नल घरमालकाचाच असतो, चाळीतल्या सामाईक नळासारखा. भाडेकरूला तो बदलता येत नाही. आमचा मात्र स्वतंत्र आहे, आणि अधूनमधून तो बदलावा लागतो.

"नीट चाललंय ना? मग हात कशाला लावायचा?" आमची सौ. विचारते. प्रश्न बिनतोड आहे. पण 'डर्टी काऊ' नावाचे भोक 2016 साली उघडकीस आले, तेव्हा ते 2007 पासून लिनक्समध्ये होते! त्यातून साधा वापरणाराही यंत्राचा मालक होऊन बसू शकत असे. आणि ती नऊ वर्षे 'नीट चाललंय' असेच लोक म्हणत होते.

शेतकऱ्याचा दहा दिवसांचा दुधाचा पगार या हिशेबावर ठरतो. म्हणून संध्याकाळचे दूध घेऊन झाले, की रात्री मी कामाला बसतो. आधी साऱ्या हिशेबाची नक्कल दुसरीकडे ठेवतो. मग नवा कर्नल उतरवून घेतो. पण उतरवला म्हणजे लागला नव्हे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच त्याचा अंमल सुरू होतो. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन पूर्वी दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावीत. तेवढा वेळ गाडीला थांबावेच लागे. तसेच हे. ती दोन मिनिटे मला फार लांब वाटतात.

धीर एकाच गोष्टीचा असतो. जुना कर्नल तिथेच शेजारी ठेवलेला असतो. नवा अडला, तर सुरुवातीच्या यादीतून जुन्याला हाक मारायची. नवा चार दिवस नीट चालेपर्यंत मी जुन्याला निरोप देत नाही.

पहाटे शिरूरला दुधाच्या किटल्या येतात, लिटर आणि फॅट यांचे आकडे चढू लागतात. रात्री काही बदलले, याचा तिथे कुणाला पत्ताही नसतो. माझे काम उत्तम झाले, ते असे!