दूरवरून हांकलेली गाडी

रेडिओनें चालणारी गाडी मुलाला घेऊन द्यावी कीं नाहीं, असें कित्येक पालक अलीकडे मला विचारतात. मी विज्ञान शिकवितों, तेव्हां झटपट उत्तर मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. परंतु या एकाच नांवाखालीं आज इतक्या भिन्न वस्तु विकल्या जातात कीं, एका शब्दांत उत्तर देणें कठीण. तळहातावर मावणारी गाडीही त्याच नांवाची, आणि पाऊण मीटरांहून लांब, बॅटऱ्यांसह सुमारें १० किलो वजनाची व ताशी ८० किलोमीटर धांवणारी गाडीही त्याच नांवाची. विजेवर चालणाऱ्या या मोठ्या गाड्यांचा व्यापार परदेशांत वाढत चालला आहे. त्यांच्याविषयीं चार गोष्टी विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवाव्या, असें मनांत आलें.

दुरून यंत्र हांकण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नौका बिनतारी लहरींच्या साहाय्यानें चालवून दाखविली होती. मुलांच्या हातीं ही विद्या यावयास पुष्कळ वर्षें लोटलीं. जपानांतील तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्श ९३४ या मोटारीची एक-द्वादशांश आकाराची विजेची प्रतिकृति काढली. ती सुट्या भागांच्या रूपानें येई, आणि धांवण्यापूर्वीं ती घेणाऱ्याला स्वतः जुळवावी लागे.

एक-पंचमांश आकाराच्या मोठ्या गाड्यांना मात्र दीर्घकाळ पेट्रोलचें लहान एंजिन असे. दोरी ओढून तें सुरू करावयाचें, कानठळ्या बसविणारा आवाज सोसावयाचा, धूर गिळावयाचा. यामुळें तो छंद थोडक्या हौशी लोकांपुरता राहिला. पुढें लिथियमच्या हलक्या व जोरदार बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटर आल्या, आणि चित्र पालटलें. अमेरिकेंत टेक्सासमधील मॅकिनी गांवच्या ट्रॅक्सस कंपनीनें २०१५ सालीं ‘एक्स-मॅक्स’ नांवाची विजेची मोठी गाडी बाजारांत आणली. तिच्या पुढील आवृत्तींत चार-चार घटांच्या दोन बॅटऱ्या बसतात. प्रत्येक घट ३.७ व्होल्टचा, म्हणजे एकूण २९.६ व्होल्ट झाले. पाठोपाठ ॲरमा, लोसी इत्यादि नांवांच्या गाड्याही या चढाओढींत उतरल्या. आज अशी गाडी जुळविलेलीच मिळते. किंमत हजार डॉलरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. बॅटऱ्या व चार्जर यांचा खर्च बहुधा निराळा. पेटी उघडावी, बॅटऱ्या भराव्या, कीं गाडी धांवूं लागली.

गतवर्षीं मे महिन्याच्या सुटींत मी टेक्सासमध्यें धाकट्या बंधूकडे गेलों होतों. त्याचा मुलगा तेथें एंजिनियरिंग शिकतो. त्याच्यापाशीं अशी एक गाडी आहे. एके सायंकाळीं तो मला गांवाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर घेऊन गेला. त्यानें आधीं हातांतील नियंत्रक सुरू केला, मग गाडी. हा क्रम कां, असें मीं विचारलें. “हुकूम देणारा आधीं जागा असावा, काका, पाळणारा मागाहून,” तो हंसून म्हणाला. गाडी अर्ध्या शक्तीवर ठेवून त्यानें नियंत्रक माझ्या हातीं दिला.

मीं कळ दाबली. गाडी धूळ उडवीत शंभर पावलांवर जाऊन पोंचलीसुद्धां. माझ्या अंगाला मात्र त्या वेगाचा स्पर्शही झाला नाहीं. मी रोज शाळेंत स्कूटरवर येतों. वेग वाढला कीं वारा तोंडावर आदळतो, हात थरथरतो, पोटांत गोळा येतो. आणि तो गोळाच मला गति आवरावयास लावतो. येथें वारा नाहीं, थरथर नाहीं, भय नाहीं. शिवाय गाडी आपल्याकडे तोंड करून येऊं लागली म्हणजे तिचें उजवें तें आपलें डावें होतें, आणि चांगला जाणता मनुष्यही गोंधळतो.

इतक्यांत पटांगणाच्या कडेला एक लहान मूल तीनचाकी सायकल घेऊन आलें. तें आमच्यापासून बरेंच दूर होतें. तरी पुतण्यानें नियंत्रक मजकडून घेतला, गाडी जवळ आणून उभी केली व तिच्या बॅटरीची जोडणी काढली. “अरे, ब्रेक आहे ना तिला?” मीं म्हटलें. “ब्रेक माझ्या हातांत आहे, काका, पण तें मूल कुठें वळेल तें थोडेंच माझ्या हातांत आहे?” मूल आईबरोबर परत जाईपर्यंत आम्ही स्वस्थ बसून राहिलों.

सुटीनंतर हाच विषय मीं दहावीच्या वर्गांत फळ्यावर मांडला. दीड किलोची लहान गाडी ताशी ३० किलोमीटर धांवली, तर तिच्या अंगीं सुमारें ५२ ज्यूल गतिज ऊर्जा असते. दहा किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर धांवली, तर ती ऊर्जा २,४७० ज्यूलच्या घरांत जाते, म्हणजे जवळजवळ ४७ पट! लांबी दुप्पट केली कीं वजन आठपटीकडे जातें, आणि वेग दुप्पट केला कीं ऊर्जा चौपट होते. उलट हिशेब केला, तर दहा किलोचें ओझें २५ मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारें आठव्या मजल्यावरून सोडल्यावर जमिनीवर जितक्या जोरानें आदळेल, तितकाच हा आघात होय. हें उत्तर निघालें तेव्हां वर्गांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

ही गोष्ट विकणारे लपवितात असें नाहीं. ॲरमा व लोसी या गाड्या विकणारी हॉरायझन हॉबी ही कंपनी आपल्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट बजावते कीं, ही वस्तु खेळणें नव्हे, आणि ती १४ वर्षांखालील मुलांकरितां नाहीं. विकणारा ज्याला खेळणें म्हणत नाहीं, तें आपण वाढदिवसाचें खेळणें म्हणून घरीं आणावें, हें कितपत शहाणपणाचें?

तरी माझा सल्ला बंदीचा नाहीं. सुट्या भागांची लहान गाडी प्रथम घेऊन द्यावी. ती जुळवितांना दंतचक्रें, धक्काशोषक, डिफरेन्शियल हीं मुलाच्या बोटांना कळतात. आणि जें हातांनीं जोडलें, तें आदळूं नये अशी काळजी आपोआप उपजते. मोठ्या गाडीचा विचार त्यानंतर, आणि तोही वडील माणसाच्या देखरेखीखालीं. रस्त्यावर वा गर्दींत ती कदापि सोडूं नये. नियंत्रक प्रथम सुरू करावा व शेवटीं बंद करावा. बॅटरी भरत असतां तेथून हलूं नये, रात्रीं निजतांना ती भरावयास लावूं नये. फुगलेली बॅटरी तर पुन्हां वापरूंच नये, कारण लिथियमची आग सहज विझत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हां अशीं पुष्कळ यंत्रें तुमच्या हातीं येतील, कीं ज्यांची कळ तुमच्यापाशीं आणि आघात दुसऱ्यापाशीं असेल. तेथें सावध करावयास तोंडावर वारा येणार नाहीं, कीं पोटांत गोळा उठणार नाहीं. दूर उभें असलेलें मूल वेळींच दिसावें, आणि तें दिसतांच बोट कळीवरून निघावें, एवढा अभ्यास आजपासून करून ठेवा.