मेणाचं हृदय आणि दोन प्रश्न

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याला मौंट मेरीची जत्रा सुरू होते, आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या भाषेत मोतमाऊलीची जत्रा. भांडुपहून दादर, तिथे गाडी बदलून वांद्रे, पुढे बस, हा आमच्या घरचा ठरलेला प्रवास. टेकडीवर मेणाच्या वस्तू विकायला असतात. हात, पाय, घर, बाळ. ज्याचं जे मागणं असेल, ते घ्यायचं आणि माऊलीसमोर ठेवायचं.

काही वर्षांपूर्वी मी आईसाठी मेणाचं हृदय घेतलं होतं. तिचं हृदय कमजोर झालं होतं, पायांना सूज, जिना चढवत नव्हता. येताना बिल्डिंगखाली दोघं भेटली. एक आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई, माहेर नगरकडचं, घर पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट. दुसरे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे एक दादा. मी कुठून आले ते सांगितलं.

ताई म्हणाल्या, "अगं, मूर्तीकडे कशाला? सरळ येशूकडे माग की."

दादा म्हणाले, "मेणाने ब्लॉकेज निघतं का गं?"

मी हसून वर गेले. त्या डिसेंबरात आई गेली. दोघंही दफनविधीला आली, ताई तर रात्रभर घरी बसल्या. पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं राहून गेली, ती आज देते.

आधी ताईंना.

ताई, मूर्तीला कोणी देव मानत असेल तर ते आमच्याही धर्मात पापच आहे. हा वाद जुना आहे. इ.स. 787 मध्ये नायसियाच्या दुसऱ्या धर्मसभेने स्पष्ट केलं की आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान द्यायचा, आणि तो मान प्रतिमा ज्यांची आहे त्यांना पोचतो. तुमच्या हॉलमधला आजीचा फोटो तुम्ही रोज पुसता, तो काचेच्या प्रेमापोटी नाही.

"सरळ येशूकडे माग" हे मला पटतं, आणि आम्ही मागतोही. प्रत्येक मिस्सा त्याच्याच द्वारे पित्याकडे केलेली प्रार्थना असते. पण माझ्या आईची अँजिओग्राफी होती तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, "ताई, प्रार्थना करा." तुम्ही केलीत. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात का, की माझ्याकडे कशाला, सरळ देवाला सांग? मरियेकडे आम्ही हेच मागतो, आमच्यासाठी विनंती कर. फरक एवढाच की तुमच्या मते जी माणसं गेली ती आपलं ऐकत नाहीत, आणि आमच्या मते देवापाशी असलेली माणसं आपल्यापेक्षा जास्त जिवंत आहेत. हा खरा मतभेद आहे. पण तो मूर्तिपूजेचा मतभेद नाही.

आणि जपमाळेवर आम्ही जे पुन्हा पुन्हा म्हणतो, त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तुमच्याही बायबलात आहे. लूकचा पहिला अध्याय काढा. देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचा आशीर्वाद, दोन्ही तिथे सापडतील. मृतांसाठी प्रार्थना मात्र तुम्हाला सापडणार नाही, कारण तिचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. आमच्या बायबलात 73 पुस्तकं, तुमच्या 66. म्हणून 2 नोव्हेंबरला आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि तुम्ही लावत नाही.

पण ताई, तुमचं एक म्हणणं मी मान्य करते. आमच्यात अशीही माणसं आहेत की जी बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला न चुकता जातात, पण रविवारच्या मिस्साला नाहीत. अमक्या प्रार्थनेच्या इतक्या प्रती वाटा नाहीतर वाईट होईल, असले कागद चर्चच्या बाकावर ठेवून जाणारेही आहेत. त्याला भक्ती म्हणत नाहीत, तो सौदा झाला. काना गावच्या लग्नात मरियेने नोकरांना आपला मुलगा सांगेल तसं करायला सांगितलं. तिच्यापाशीच थांबून राहणाऱ्याने तिचं ऐकलंच नाही असं म्हणावं लागेल.

आता दादा, तुमच्याकडे.

मेणाने ब्लॉकेज निघत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. आईच्या गोळ्या एक दिवसही चुकल्या नव्हत्या, आणि मीठ कमी केलं म्हणून ती माझ्यावर रोज चिडायची. मग मेणाचं हृदय कशाला? डॉक्टरांनी "आता वय आहे" म्हटल्यावर माणूस घरी येऊन काय करतो? मला ती भीती हातात धरून कुठेतरी नेऊन ठेवायची होती. मी ती ठेवली. माझी श्रद्धा आहे की तिथे ऐकणारं कोणीतरी आहे. ते तुम्हाला सिद्ध करून दाखवता येणार नाही, आणि तसा दावाही मी करत नाही.

चमत्कारांच्या बाबतीत आमचं चर्च तुम्हाला वाटतं तेवढं भोळं नाही. फ्रान्समध्ये लूर्दला 1858 पासून माणसं जात आहेत. बरं झाल्याचे हजारो दावे तिथे नोंदले गेले. डॉक्टरांची समिती कागदपत्रं तपासते, आणि आजवर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. बाकीच्यांना चर्चने खोटं म्हटलेलं नाही, फक्त चमत्कार म्हणून शिक्का दिला नाही.

पण इथे मला आमच्याच लोकांशी बोलायचं आहे.

मार्च 2012. विलेपार्ल्याला इर्ल्याच्या वेलंकनी चर्चबाहेरच्या क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं. लोकांनी ते बाटल्यांत भरलं, काहींनी प्यायलंही. बुद्धिवादी संघटनेचे सनल एडामारुकू तिथे आले, त्यांनी पाहणी केली आणि सांगितलं की जवळचं गटार तुंबलंय, तिथलं पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतंय. चर्चने तो चमत्कार आहे असं अधिकृतपणे कधीच म्हटलं नव्हतं. पण टीव्हीवरच्या चर्चेत एडामारुकूंनी चर्चवर पैशासाठी चमत्कार घडवल्याचा आरोप केला, आणि काही कॅथलिक संघटनांनी त्यांच्यावर कलम 295 अ खाली तक्रारी केल्या. अटकेच्या भीतीने ते त्याच वर्षी फिनलंडला गेले.

त्यांचा पैशाचा आरोप मला लागला होता, आजही लागतो. त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर देण्यासारखं आपल्याकडे होतं. पण गटाराबद्दल त्यांचं काय चुकलं होतं? ते पाणी एखाद्या लहान मुलाने प्यायलं असतं तर? खरं तर प्लंबर आधी आपण बोलवायला हवा होता. भांडुपात तरी हे सांगायला नको, मुंबईचं पाणी शुद्ध होऊन जातं ते इथूनच.

पुढच्याच वर्षी, 20 ऑगस्ट 2013 ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्याशी आपला काही संबंध नाही, हे खरं. पण प्रश्न विचारणाऱ्या माणसाला गप्प कसं करायचं, हा विचार कुठून सुरू होतो, ते पाहायला हवं. आपण या शहरात थोडे आहोत. उद्या आपल्या क्रुसाबद्दल, आपल्या प्रार्थनासभेबद्दल कोणाच्या भावना दुखावल्या, तर असंच कलम आपल्याकडेही वळू शकतं. तेव्हा आपल्या बाजूने बोलायला दादांसारखीच माणसं लागतील.

माझं मागणं पूर्ण झालं नाही. आई गेली. दादांनी कधी "बघ, सांगितलं होतं" म्हटलं नाही आणि ताईंनी कधी "चुकीच्या ठिकाणी मागितलंस" म्हटलं नाही, याबद्दल दोघांचे आभार. शेवटच्या रात्री आईने जपमाळ मागितली, ती हातात घेतली, आणि तिचा श्वास जरा संथ झाला. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. दादा म्हणतील मनाचा परिणाम. असेल. मला तेवढंच हवं होतं असं मात्र नाही, मला आई हवी होती.

या सप्टेंबरातही मी वांद्र्याला जाणार आहे. या वेळी मेणाचं काही घेणार नाही, नुसती मेणबत्ती लावेन. ताई, दादा, सोबत यायचं असेल तर या. वाद गाडीत घालू, दादरपर्यंत बसायला मिळालं तर.