हलव्याचे दागिने

हाताला काही उद्योग नसला की मला चैन पडत नाही. क्रोशाचे रुमाल, कशिदा, मण्यांची तोरणे, रुखवताची कापडी फळे, सारे करून झाले. येथे हैदराबादेस आल्यावर लाड बाजारात लाखेच्या गरम कांकणांवर खडे बसविणाऱ्या कारागिरांकडे मी तासन् तास पाहत उभी राहिले आहे. पण दागिना घडविण्याची माझी हौस अखेर स्थिरावली ती साखरेवर.

हलव्याला घाई चालत नाही. मंद निखाऱ्यांवर परात ठेवावी, तीत भाजलेले तीळ घ्यावेत, आणि चमच्याने पाकाचे चार थेंब सोडून बोटांनी हलकेच फिरवीत राहावे. पाक सुकला की पुन्हा चार थेंब. आच वाढली तर साखर पिवळी पडते. असे काही दिवस चालले म्हणजे तिळावर पांढरा काटा फुलू लागतो. थंडी कडक असेल तर तो अधिकच टोकदार येतो. यंत्राने केलेला गुळगुळीत दाणा आता हवा तेवढा विकत मिळतो. मिळो बापडा! मग ओवण्याचे काम. दाण्याला भोक नसते. एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ मारायची. मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, तारेवर वळविलेली नथ, सारे या गाठींवर उभे असते.

ही विद्या आईची. १९५८ साली वडील गेले आणि आमच्या शिक्षणापायी तिचे सोने एकेक करून मोडले गेले. तरीही आळीतल्या प्रत्येक नव्या सुनेचे संक्रांतीचे दागिने तिच्याच हातचे असत. डबा पोचवायला मी जाई. ती घरीच राहत असे. तिला कोणी ‘येऊ नका’ म्हणत नसे, बोलावीतही नसे. त्या रीतीचा मला आजही संताप येतो. तेव्हा मी चिडले की ती म्हणे, “अगं, आधी गाठ नीट मार.”

१९७४ च्या संक्रांतीस ती आमच्याकडे होती. मी तिच्यासाठी ठुशी केली. चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन तिने गाठी तपासल्या. मग ठुशी गळ्यात घालून बाहेर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत येऊन बसली. रात्री नातवंडांनी हट्ट धरला, तेव्हा दोरा तोडून तिने त्यांना दाणे वाटून टाकले.