बर्फावरची तैनाती : लेखांक चौथा

टोलेडो, १४ मार्च

मॉमी नदीवरचा बर्फ फुटून सरोवराकडे वाहून गेला आहे आणि शहरातील लोक एकमेकांना वसंताचे दाखले देऊ लागले आहेत. परंतु नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या हंटिंग्टन सेंटरातील हिवाळ्याचा मुक्काम अजून महिनाभर तरी हलणार नाही, कारण ऑक्टोबरात आरंभ झालेल्या ७२ सामन्यांच्या हंगामातले अखेरचे थोडेच सामने आता उरले असून बाद फेरीत कोणाकोणाची वर्णी लागते, याचा निवाडा याच दिवसांत व्हायचा आहे.

ज्यांच्या हाती मागील लेखांक आले नसतील त्यांच्यासाठी येथील व्यवस्था पुन्हा एकवार सांगितली पाहिजे. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीच्या शिखरावर एनएचएल, तिच्याखाली अमेरिकन हॉकी लीग आणि त्याहीखाली तिसऱ्या पायरीवर ही ईसीएचएल, असा हा उतरता क्रम आहे. १९८८ साली अवघ्या पाच संघांनिशी ती उभी राहिली, तेव्हा तिच्या नावात पूर्व किनाऱ्याचा उल्लेख होता. २००३ साली पश्चिमेकडील संघ सामील करून घेतल्यावर तो उल्लेख गळला आणि चार आद्याक्षरे मागे राहिली. बहुतेक प्रत्येक संघाचा वरच्या एखाद्या संघाशी तहनामा असतो, आणि त्यानुसार वरच्यांच्या पदरी असलेले तरुण खेळाडू खालच्या गावी रुजू होतात. उत्तर पेशवाईचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला येथे तैनाती फौजेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. फौज आपल्या गावात राहते, आपल्या गावाच्या नावाने लढते, परंतु हुकूम सुटतो तो परमुलखातून. अंतर एवढेच की त्या फौजेचा खर्च संस्थानिकाच्या माथी असे, आणि येथे वरिष्ठ संघ आपल्या माणसांचा पगार स्वतः पोचता करतो.

आज सायंकाळी हाती आलेल्या छापील पत्रिकेतील दोन नावे मैदानात कोठेच दिसेनात, तेव्हा मी भाच्याला विचारले. "मामा, त्या दोघांना दुपारीच ग्रँड रॅपिड्सला बोलावून घेतलं," तो म्हणाला, आणि पुन्हा सामन्यात रमला. आसपासच्या सात हजारांवर प्रेक्षकांनाही त्याचे यत्किंचित नवल वाटलेले दिसले नाही. नोकरीत बदल्या भोगलेल्या माझ्यासारख्याला मात्र वाटले की सामानसुमान आवरायला निदान एक रात्र तरी द्यावी.

पगाराची गोष्ट निघालीच आहे, तर तीही सांगून टाकतो. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला अलीकडे आठवड्याला सुमारे पाचशे डॉलर मिळत आले आहेत, तेही हंगामापुरते. उन्हाळ्यात ज्याचा त्याने आपला चरितार्थ पाहावा. राहते घर आणि आरोग्याचा विमा यांचा भार मात्र संघावर असतो, आणि त्याचे श्रेय १९६७ साली स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेकडे जाते. याहून विलक्षण आहे तो ज्येष्ठांविषयीचा नियम. ज्याने २६० व्यावसायिक सामने खेळले तो ज्येष्ठ, आणि गोलरक्षक वगळता असे ज्येष्ठ एका सामन्यात चारांहून अधिक उतरवता येत नाहीत. तरुणांना वाव मिळावा आणि खर्च आवाक्यात राहावा, हा त्यामागील उद्देश उघड आहे. तथापि ज्या व्यवसायात अनुभवाचीच अपात्रता म्हणून नोंद होते, असा दुसरा व्यवसाय माझ्या पाहण्यात नाही.

फोर्ट वेन, १५ मार्च

काल जिच्या मुखाशी होतो त्या मॉमी नदीचा उगम येथे, दोन नद्यांच्या संगमातून होतो. तेव्हा आजचा प्रवास म्हणजे नदीच्या उलट दिशेने इंडियानात शिरणे, एवढाच होता. गाडी भाचा चालवीत होता आणि मी दोन्हीकडील काळीभोर, अद्याप पेरणी न झालेली सपाट जमीन पाहत होतो.

येथील क्रीडागृह हे ॲलन कौंटीतील दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक आहे. पुतळा किंवा स्तंभ उभारण्यापेक्षा मृतांच्या नावे एक मोठे छत बांधावे आणि त्याखाली जिवंतांनी रात्रीमागून रात्र आरडाओरड करावी, ही कल्पना मला प्रथम विसंगत वाटली होती. आज दहा हजार आसनांच्या त्या वास्तूत बसल्यावर ती तशी वाटेनाशी झाली. १९५२ साली ही वास्तू खुली झाली, त्याच वर्षी कोमेट्स हा संघ जन्मास आला, आणि पुढे प्रेक्षक मावेनात तेव्हा गावकऱ्यांनी छत उचलून वर नेले आणि खाली आसनांच्या नव्या रांगा बसविल्या.

या संघाचा वृत्तांत मला शेजारच्या आसनावरील वृद्ध बाईंनी मध्यंतरात ऐकविला, आणि नंतर पडताळून पाहता तो अक्षरशः खरा निघाला. १९९० साली तेव्हाच्या मालकाने संघ उचलून न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे नेला. येथे संघ म्हणजे सनद, आणि सनद ज्याच्या नावे तो ती कोणत्याही गावी नेऊ शकतो. ज्यांनी चार दशके तिकिटे काढली त्यांचा त्या दप्तरात कोठेही दाखला नसतो. फ्रँकी कुटुंबातील बंधूंनी त्यावर उपाय काढला तो असा की मिशिगनातील फ्लिंट येथील संघ विकत घ्यावा, तो फोर्ट वेनला आणावा आणि त्याला कोमेट्स हेच नाव द्यावे. ऑल्बनीला गेलेला संघ हंगाम संपण्यापूर्वीच बुडाला. "आमचा संघ गेला असं लोक म्हणतात, पण आम्ही त्या वर्षी एक हिवाळाही चुकवला नाही," असे सांगताना बाईंच्या स्वरात जो अभिमान होता तो एखाद्या जुन्या वतनदाराला शोभावा असा होता. त्या वर्षी फ्लिंटमधील लोकांनी काय केले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्यांच्याच तोंडी बॉब चेस यांचे नाव वारंवार येत होते. १९५३ पासून २०१६ साली मृत्यू येईपर्यंत या गृहस्थांनी कोमेट्सच्या सामन्यांचे धावते वर्णन आकाशवाणीवरून केले. डब्ल्यूओडब्ल्यूओ हे केंद्र त्या काळी ५० हजार वॅट शक्तीचे असल्याने रात्री त्याच्या लहरी कित्येक राज्ये ओलांडून जात, आणि ज्यांनी फोर्ट वेन कधी पाहिले नाही असे लोक अंधारात या गावचा खेळ ऐकत. पुढे एनएचएलचे वर्णनकार म्हणून देशभर ख्याती पावलेले माइक एमरिक हे त्या श्रोत्यांपैकीच एक बालक होते. वरिष्ठ लीगकडून बोलावणे येण्याची वाट पाहणाऱ्या या जगात एक मनुष्य साठांहून अधिक वर्षे एकाच खुर्चीवर स्थिर बसला, ही गोष्ट मला अनेक विजयचषकांहून मोलाची वाटते.

आजच्या सामन्यात एक मारामारीही झाली. दोघांनी हातमोजे टाकले, पंच बाजूला उभे राहिले, एकजण खाली पडताच त्यांनी दोघांना सोडविले आणि प्रत्येकी पाच मिनिटांच्या दंडकोठडीत पाठविले. प्रेक्षक मात्र गोल झाल्याप्रमाणे उभे राहून गर्जत होते. नियमात शिक्षा आहे आणि वहिवाटीत मुभा आहे. हाडे मोडण्याची सवय असलेल्या खेळाला एवढे चालायचेच, असे भाचा म्हणतो. मला ते रुचले नाही, आणि जितके अधिक सामने पाहतो तितके कमीच रुचते. आठवड्याच्या पाचशे डॉलरांसाठी कोणी आपली कवटी पणाला लावावी, यात मला पराक्रम दिसत नाही.

कॅलमझू, १७ मार्च

आज सेंट पॅट्रिकचा सण, आणि त्या निमित्त येथील विंग्ज संघ हिरव्यागार बर्फावर खेळतो. हा प्रघात १९८२ सालचा. त्याच वर्षी याच गावात चेकर कंपनीने आपल्या प्रसिद्ध टॅक्सीगाड्यांचे उत्पादन थांबविले, आणि दोनच वर्षांनी गिब्सन गिटारींचा येथील कारखाना बंद होऊन ते काम नॅशव्हिलला गेले.

रंगविलेला बर्फ म्हटले की थट्टेचा विषय वाटतो. वस्तुतः आपण पाहतो तो प्रत्येक रिंकचा बर्फ रंगविलेलाच असतो. बर्फ स्वभावतः पारदर्शक, आणि त्याखाली असते काँक्रीटची करडी जमीन, जिच्या पोटातील नळ्यांतून अतिशीत द्रव खेळवलेला असतो. प्रथम पाण्याचे पातळ थर फवारून गोठवितात, त्यावर पांढरा रंग देतात, त्यावर रेघा आणि वर्तुळे आखतात, आणि मग पुन्हा थरामागून थर चढवीत जातात. हा सारा खटाटोप जेमतेम इंचभर किंवा त्याहून किंचित अधिक जाडीत मावतो. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा या पृष्ठभागाची खेळाच्या प्रत्येक वीस मिनिटांनंतर चाळण झालेली असते. तेव्हा झांबोनी नावाचे अवजड यंत्र संथपणे फिरून वरचा पापुद्रा तासते आणि मागे ऊन पाण्याचा हात फिरवीत जाते. गार पाण्यापेक्षा ऊन पाणी खालच्या थराशी एकजीव होऊन अधिक सपाट गोठते, हे त्यातील मर्म. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सखल भागात, जेथे नैसर्गिक बर्फाचा मागमूस नाही तेथे, फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली हे यंत्र सिद्ध केले.

हिरव्या पृष्ठभागावर काळी पक पाहायला डोळ्यांना थोडा त्रास होतो. रबराची ही सहा औंसांची चकती सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात, नाही तर ती उसळ्या मारते. जॉर्डन बिनिंग्टन या गोलरक्षकाने २०१३-१४ च्या हंगामात याच रिंकवर ती अडविण्याची उमेदवारी केली आणि २०१९ साली सेंट लुईस संघाकडून स्टॅन्ली चषक जिंकला. ईसीएचएलमधून पुढे एनएचएलमध्ये निदान एक सामना खेळलेल्यांची संख्या सातशेच्या वर आहे, आणि ही संख्या प्रत्येक नवागताला तोंडपाठ असते. ती कित्येक हजारांमधून निवडलेली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही; आणि विशीतल्या मुलाला ते सांगून तरी काय साधणार?

१८ मार्च

विश्रांती. कपडे धुतले, पत्रे लिहिली. भाचा कामावर रुजू होण्यासाठी टोलेडोला परतला. शुक्रवारी रजा घेऊन पुन्हा येणार आहे.

व्हीलिंग, २१ मार्च

ओहायो नदीच्या काठी, डोंगरांच्या चिंचोळ्या फटीत वसलेले हे पश्चिम व्हर्जिनियातील नगर पाहताच त्याचे वैभव होऊन गेले आहे हे कळते. १९३० च्या खानेसुमारीत येथे एकसष्ट हजारांवर वस्ती होती, २०२० मध्ये ती सत्तावीस हजारांवर आली. १८४९ सालचा झुलता पूल अद्याप उभा आहे, मात्र त्यावरून वाहनांना मनाई झाली आहे. एकोणिसाव्या शतकात येथील कारखान्यांतून खिळ्यांचा एवढा पुरवठा होई की गावाला खिळ्यांचे शहर म्हणत. संघाचे नाव नेलर्स पडले ते त्यावरूनच. हा संघ १९९२ साली उत्तर कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथून इकडे आला, म्हणजे एका गावाचा तोटा तो दुसऱ्या गावाचा लाभ, हा हिशेब येथेही चुकलेला नाही.

नदीकाठच्या क्रीडागृहात आज निम्म्याच्या आसपास आसने रिकामी होती. परंतु जे आले होते त्यांना प्रत्येक खेळाडूचे नाव, मूळ गाव आणि दुखऱ्या गुडघ्याचा इतिहास ठाऊक होता. सामना संपल्यावर मी मुद्दाम मागील दरवाजाकडे गेलो. पाहुण्या संघाची बस सुरूच होती. अर्ध्या तासापूर्वी ज्यांना टाळ्या मिळत होत्या तेच तरुण ओल्या केसांनी आपापली प्रचंड बोचकी वाहून बसच्या पोटात कोंबीत होते. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा लागोपाठ तीन रात्री तीन सामने, कधी तीन वेगळ्या गावी, ही या लीगची नित्याची रीत आहे. कारण इतर वारी गिऱ्हाईक येत नाही. झोप मिळते ती बसमध्ये. साहित्याच्या व्यवस्थेवर नेमलेला एक गृहस्थ मात्र सर्वांच्या नंतर चढला. उद्यासाठी ओले सामान वाळविण्याचे काम तो पहाटे पोहोचल्यावर करणार होता.

जॉन्सटाउन, २२ मार्च

येथे ही लीग आता नाही, आणि म्हणूनच मी आलो. १८८९ च्या मे महिन्यात वरचे धरण फुटून २,२०९ माणसे दगावली ते हे पेन्सिल्व्हेनियातील गाव. त्या धरणाचे पाणी पिट्सबर्गच्या धनिकांच्या विहारासाठी अडविलेले होते. गावाने पोलादावर पुन्हा उभारी धरली, आणि १९९२ साली बेथलेहेम कंपनीने तेही काम गुंडाळले.

येथील युद्धस्मारक क्रीडागृह १९५० सालचे, जेमतेम चार हजार आसनांचे. पॉल न्यूमन यांचा 'स्लॅप शॉट' हा १९७७ सालचा चित्रपट येथेच चित्रित झाला. नॅन्सी डाउड यांनी त्याची पटकथा लिहिली ती आपला भाऊ नेड जॉन्सटाउन जेट्स संघात खेळत असताना. गिरणी बंद पडते, संघही बंद होणार असे कळते, आणि संघ विकण्यापेक्षा बुडविण्यात मालकिणीला करसवलतीचा लाभ अधिक असतो. प्रेक्षक हसले ते त्यातील हाणामारीला, परंतु हिशेबाची ती चार वाक्ये मला सबंध चित्रपटात अधिक झोंबणारी वाटली. १९८८ साली ईसीएचएलच्या पहिल्या पाच संघांत जॉन्सटाउनचाही संघ होता, आणि त्याचे चीफ्स हे नाव त्या चित्रपटातील काल्पनिक संघाचेच. बावीस हंगामांनंतर, २०१० साली, तोही दक्षिण कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे गेला. पुढे व्हीलिंगच्या संघाने आपले काही सामने येथे खेळून पाहिले, ते टिकले नाही.

भाचा म्हणाला, "मामा, गावात माणसंच उरली नाहीत तर संघ राहील कसा?" त्याचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. क्रीडागृह बांधायचे सार्वजनिक पैशाने, स्मारक व्हायचे गावच्या मृतांचे, आणि सनद तेवढी खाजगी, ही वाटणीच मला सदोष वाटते. २००७ साली टोलेडोचा जुना संघ एका ना-नफा संस्थेने विकत घेतला, आणि दोन वर्षांनी नव्या क्रीडागृहात वॉलाय या नावाने तो पुन्हा खेळू लागला. २०१९ आणि २०२२ साली हा संघ अंतिम फेरीत हरला, तरी तो उचलून दुसऱ्या गावी नेणारा मालक तेथे नाही. या साऱ्या मुलखात मला तोच व्यवहार शहाणपणाचा दिसला.

जॉन्सटाउनच्या रिंकवर २०१२ पासून टॉमाहॉक्स नावाचा कुमारांचा संघ खेळतो. त्या मुलांना पगार नाही. ती गावातील कुटुंबांच्या घरी राहतात आणि महाविद्यालयीन संघांचे बोलावणे येण्याची वाट पाहतात. बाद फेरी एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होईल. पुढील लेखांक टोलेडोहून.