रंगपेटी आणि हिशेबाची वही

कलेच्या शेजारी ‘व्यवसाय’ हा शब्द बसविला की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. चित्रकाराने उपाशी राहावे अशी कोणाची इच्छा नसते. परंतु त्याने पैशाची गोष्ट मात्र काढू नये, अशी एक अलिखित अपेक्षा समाजात असते. आम्ही उभयता गेली काही वर्षे अंबाजोगाईस राहून वनस्पतींची जलरंगातील चित्रे काढतो आणि त्यांवर घर चालवितो. त्यामुळे रंगपेटी आणि हिशेबाची वही या दोन्ही वस्तू आमच्या एकाच टेबलावर नांदतात. त्यांचे नेहमी पटतेच असे नाही. पण एकीवाचून दुसरीचे चालत नाही.

‘बीड जिल्ह्यात चितारण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. दुष्काळ आणि ऊसतोड या दोन शब्दांपलीकडे आमच्या जिल्ह्याची ओळख फारशी गेलेली नाही. परंतु फाल्गुनात बालाघाटच्या उतारांवर पळस पेटतो, पावसाळा सरता सरता तरवडाच्या पिवळ्या फुलांनी माळ उजळतो, आणि धारूरच्या घाटात सीताफळाच्या झाडांना गणती राहत नाही. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो ज्याने एकदा चाळला, तो या भूमीला उजाड म्हणण्याचे धाडस पुन्हा करणार नाही.

आमच्या प्रकारच्या चित्रात सौंदर्याआधी ओळख येते. चित्र पाहून झाड ओळखता आले पाहिजे, हा त्याचा पहिला नियम. सीताफळाचेच उदाहरण घ्या. त्याचे फूल हिरवट, मांसल, तीन पाकळ्यांचे आणि पानाआड खाली तोंड करून लोंबणारे असल्यामुळे सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. त्या एका फुलात अनेक बीजकोश असतात आणि ते एकत्र वाढून एकच फळ होते. ज्यांना आपण सीताफळाचे डोळे म्हणतो, तो प्रत्येक डोळा म्हणजे एकेका बीजकोशाची खूण. हे एकदा समजले की हात आपोआप सावध होतो. डोळे अंदाजाने काढता येत नाहीत.

फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी लागते. तिची मापे कर्कटकाने घेऊन पेन्सिलीने मूळ आकाराचे रेखाटन करावयाचे; पण त्याआधी रंगांचे नमुने लावून ठेवावयाचे, कारण फुलाचा रंग माणसाची वाट पाहत नाही. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. एकदा झाकला की तो परत मिळत नाही. त्यात आमच्याकडचे ऊन! एप्रिल-मे महिन्यांत रंगाचा हात फिरवावा तो कडा वाळून डाग पडलेला असतो. म्हणून त्या दिवसांत पहाटेच कामाला बसावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांची आठवण असलेला माणूस कुंचला धुण्याचे पाणीही जपून वापरतो.

अशा एका चित्रास आमचे चाळीसेक तास जातात. किंमत ठरविताना ते तास, सुती कागद, रंग, प्रवास, चौकट आणि टपाल हे सारे वहीत मांडावे लागते. गिऱ्हाईक म्हणते, ‘एका फांदीचे एवढे पैसे?’ आम्ही शांतपणे वही उघडून दाखवितो. काही जण निघून जातात. काही जण मात्र वही पाहिल्यावर चित्राकडे पुन्हा एकदा, अधिक वेळ पाहतात.

मागे एका रोपविक्रेत्याने त्याच्या रोपांच्या वेष्टनासाठी सीताफळाचे चित्र मागितले. आमच्या दृष्टीने काम मोठे होते. त्यातून मुलीच्या वसतिगृहाचे पैसे सहज भागले असते. चित्र तयार झाल्यावर त्याने दोन फेरफार सुचविले. फळ फांदीच्या मानाने दीडपट मोठे दिसावे, आणि उकललेल्या फळात बिया तीन-चारच दाखवाव्यात. ते रोप त्या जातीचे नव्हते. ते चित्र पाहून कोरडवाहू शेतकरी रोपे नेणार आणि तीन-चार वर्षांनी फळ हाती आल्यावर फसवणूक ओळखणार, हे आम्हांस स्पष्ट दिसत होते. आम्ही दोन दिवस विचार केला. हात आमचा, सही आमची. मग खोटेही आमचेच ठरले असते. आम्ही नकार दिला. काम गेले. ते वसतिगृहाचे पैसे पुढे हप्त्याहप्त्याने भरावे लागले आणि त्या वर्षी घरात नवे कपडे आले नाहीत. सचोटीचा मोबदला तत्काळ मिळतो असे सांगणे वाचकांची दिशाभूल करणे होईल.

सही या गोष्टीचा इतिहासही विचार करावयास लावणारा आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या आरंभीच्या चित्रांत फादर मॅथ्यू या कार्मेलाइट धर्मगुरूंचा हात होता. आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन त्यात नागरी लिपीत छापलेले आहे. त्यांची नावे राहिली. पुढे १८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुरेख चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. त्यांवर २००२ साली ग्रंथही निघाला. परंतु तो चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता, याहून अधिक ओळख उरलेली नाही. काम दीडशेहून अधिक वर्षे टिकले, करणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

म्हणून या वाटेने येऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले आणि निराळा करार केला नाही, तर प्रताधिकाराचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क मात्र चित्रकाराकडे राहतो. तेव्हा रंग कालविण्यापूर्वी एक कागद लिहून घ्यावा: चित्र कशासाठी, किती प्रतींसाठी, किती काळासाठी. यात अविश्वास नाही. ते कामाचेच एक अंग आहे.

मोठी चित्रे वर्षाकाठी थोडीच विकली जातात. चूल पेटती राहते ती लहान वस्तूंवर: दिनदर्शिका, शाळांसाठी तक्ते आणि नाताळची भेटपत्रे. बाजारातल्या भेटपत्रांवर आपण कधी न पाहिलेली हॉलीची पाने असतात. आम्ही त्या जागी ज्वारीचे कणीस, तुरीची शेंग आणि फुटलेले कापसाचे बोंड काढले. नाताळात आमच्या शिवारात हेच तर उभे असते! प्रथम लोक हसले. मग त्यांनी ती विकत घेतली आणि मुंबई-पुण्याच्या नातलगांना पाठविली.

डोंगरातील झाडे ओळखून फांद्या आणून देणाऱ्या एक मावशी आहेत. दिवाळीच्या सुमारास त्या कुटुंबासह ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. प्रत्येक नमुन्याचे पैसे आम्ही त्यांना रोख देतो. वहीत त्यांचे स्वतंत्र पान आहे. एकदा परत आल्यावर त्यांनी भिंतीवरचे तरवडाचे चित्र बराच वेळ निरखले आणि म्हणाल्या, ‘बाई, फूल बरोबर हाय, पर शेंग अशी नुसती हिरवी नसती. वाळल्याली बी एक काढा की, त्याबिगर झाड पुरं व्हत नाही.’ आम्ही वाळलेली शेंग काढली. चित्राखाली वनस्पतीचे नाव, गाव आणि तारीख लिहितो, तेथे आता ‘नमुना व माहिती’ म्हणून मावशींचे नावही त्यांच्या संमतीने लिहितो. ते वाचता यावे म्हणून त्यांच्या नातीने आमच्याकडे बसून अक्षरे जोडण्यास आरंभ केला आहे. सध्या ती मन लावून ‘तरवड’ लिहिते.