तासाभराचं अंतर

मैत्रिणींनो, "तुमचं माहेर किती लांब हो?" असं कुणी विचारलं, तर आपण काही किलोमीटर सांगत बसत नाही. "सकाळची एस. टी. धरली की जेवायच्या वेळेला घरी," असं म्हणून मोकळ्या होतो. पण नुसत्या वेळेत तरी अंतर पुरतं मोजता येतं का? शाळेत भूगोल शिकवताना कॅनडाच्या नकाशाशी मी थबकले ती याच प्रश्नापाशी.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला नुनावूत हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे. आकाराने महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, पण 2021 च्या जनगणनेत माणसं अवघी 36,858! गावं 25, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता म्हणून नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, आणि बारमाही म्हणाल तर विमान.

त्यातलं पांगनिर्तुंग हे खाडीकाठचं, डोंगरांनी वेढलेलं गाव. तिथून राजधानी इकालुइत विमानाच्या वाटेने सुमारे 300 किलोमीटर. ताशी 500 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला, गणित मांडलं तर, 36 मिनिटं पुरावीत. पण धावपट्टीवरून निघणं, वर चढणं, खाली उतरणं धरून जवळजवळ तास लागतो. म्हणजे अंतर तासाभराचं. हो, पण वारा पडला आणि धुकं निवळलं तर! नाहीतर तोच तास दोन-दोन दिवसांचा होतो.

म्हणूनच तिथल्या गर्भवतीला कळा सुरू होईपर्यंत थांबता येत नाही. गावात आरोग्य केंद्र आहे, परिचारिका आहेत. पण ऐन वेळी शस्त्रक्रियेची गरज पडली तर काय? तेव्हा दिवस भरायच्या दोन-चार आठवडे आधीच तिला इकालुइतला पाठवतात. अवघड केस असेल तर थेट ओटावाला, आणखी 2,000 किलोमीटर दूर. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. तिथली लेक माहेर-सासर दोन्ही मागे ठेवून जाते. घरी लहान मुलं असतील, तर त्यांचं कोण बघणार ही काळजी पोटाशी घेऊन! कित्येक वर्षं या बायका एकट्याच जात. 2017 साली कॅनडा सरकारने सोबतीच्या माणसाचाही खर्च द्यायचं ठरवलं.

यावर दुसरी वाटही निघाली आहे. शेजारच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात पुविर्नितुक या गावी 1986 साली प्रसूतिगृह सुरू झालं. तिथं इनुइट बायकाच सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेऊन गावातल्या बायकांची सुटका करतात. अवघड वाटेल तेवढीच बाई विमानात बसते. विमानाचा वेग काही वाढला नाही, पण अंतर कमी झालं की नाही?

तेव्हा मैत्रिणींनो, घरात लेकीसुनेचे दिवस भरत आले, की "दवाखाना काय, अर्ध्या तासावर तर आहे," एवढ्यावर निश्चिंत राहू नका. रात्री दोन वाजता गाडी कुठली मिळेल, पावसात ओढ्याला पाणी आलं तर कुठल्या वाटेनं जायचं, बरोबर कोण जाईल आणि घरी धाकट्याजवळ कोण निजेल, हे आठव्या महिन्यातच ठरवून टाका. फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. घड्याळातलं अंतर विमान कापतं, एस. टी. कापते, उरलेलं अंतर आपल्यालाच कापायचं असतं.