तिसऱ्या दिवसानंतरची बातमी

१ जुलै. आज राईनपाड्याची कात्रणं पुन्हा काढून बसलो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. २०१८ साली याच तारखेला, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवरून आलेली एक अफवा तेवढ्याला पुरली. ग्रामपंचायतीच्या खोलीतही ते वाचले नाहीत.

मारले गेले ते पालावरचे, फिरस्ते. त्यांच्या बाजूने कोर्टाच्या तारखा मोजणार कोण? पत्रकाराचं खरं काम इथे, बातमी थंडावल्यावर, तिसऱ्या दिवसानंतर सुरू होतं असं मला वाटतं. त्याच महिन्यात १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. तो अधिकारी कोण, त्याने काय केलं, हे दरवर्षी विचारायला हवं.

जळगावच्या घरकुल घोटाळ्याचंही तेच. फिर्याद २००६ची, धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवलं ते ३१ ऑगस्ट २०१९ला. तेरा वर्षं विषय धरून ठेवायचा, तर जाहिराती तुटतात, ओळखीचे लोक बोलेनासे होतात. कधी मारही खावा लागतो: पाचोऱ्यात २०२३ साली एका पत्रकाराला रस्त्यात मारहाण झाली. तेव्हा पत्रकार संरक्षणाचा कायदा विधिमंडळात मंजूर होऊन सहा वर्षं झाली होती.

आपल्या तालुक्याचा वार्ताहर असा एकटा पडला, तर फिर्याद नोंदवायला त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा.